टोमॅटो घालण्याची वेळ

रविवार, रात्री साडेनऊ

आज राजम्याचे तिखट, दाट सूप अखेर मनासारखे झाले. ‘चिली’ म्हणतात त्याच वळणाचे. फक्त मी त्यात मांस घालत नाही आणि रस थोडा अधिक ठेवते. टेक्सास राज्याने १९७७ साली ‘चिली कॉन कार्ने’ला आपला अधिकृत पदार्थ ठरवले, आणि तिथल्या जुन्या पद्धतीला धरून असणाऱ्यांना मांस-मिरचीच्या त्या रश्शात राजमा मुळीच चालत नाही. त्यांचे त्यांच्यापाशी बरोबर असेल, पण मला या सुपाचा जीव राजम्यातच आहे असे वाटते.

गेल्या महिन्यात हेच सूप बिघडले होते. राजमा अर्धवट शिजलेला असतानाच मी टोमॅटो घातले आणि मग दोन तास आच चालू ठेवूनही दाणे आतून कडकच राहिले. आंबटपणामुळे दाण्यातील पेशींना सांधून ठेवणारे पेक्टिन लवकर विरघळत नाही, हे कारण नंतर समजले. म्हणून आज एकच गोष्ट मनाशी पक्की केली होती, की दाणा मऊ झाल्याची खात्री पटेपर्यंत टोमॅटोला हात लावायचा नाही.

राजमा काल रात्रीच भिजत घातला होता. सकाळी ते पाणी ओतून टाकले, नवे पाणी घेतले आणि पहिला अर्धा तास मोठ्या आचेवर खळखळून उकळू दिले. यात मी कधीच घाई करत नाही, कारण कच्च्या राजम्यात लेक्टिन नावाचे पोटाला बाधणारे द्रव्य असते आणि ते अशा कडक उकळीनेच निष्प्रभ होते. मंद आचेच्या विजेच्या भांड्यात भिजवलेला राजमा थेट टाकून दिवसभर शिजवणे त्यासाठीच धोक्याचे आहे. त्यानंतर आच कमी केली. तासाभराने चमच्यात चार दाणे घेऊन फुंकर घातली, तेव्हा त्यांची साल सुरकुतून कडेने उलगडली. एक दाणा बोटांत दाबला. तो लोण्यासारखा दबला आणि मधोमध पांढरा, कोरडा ठिपका कुठेही उरलेला नव्हता.

तोवर दुसऱ्या भांड्यात कांदा परतणे चालू होते. त्याला चांगली पंचवीस मिनिटे लागली, पण त्याचा गोडवा त्याशिवाय उतरत नाही. मग लसूण, आणि आच अगदी बारीक करून त्याच तेलात जिरेपूड, मिरचीपूड आणि थोडे ओरेगॅनो घातले. मिरचीतील तिखटपणा, म्हणजे कॅप्सेसिन, पाण्यापेक्षा तेलात कितीतरी चांगले विरघळते. पूड थेट रसात टाकली तर ती वर तरंगते आणि घशाला लागते, तर तेलात अर्धा मिनिट परतली की तीच सगळ्या सुपात सारखी पसरते. तेलाला विटकरी रंग सुटला तेव्हा कुठे टोमॅटो घातले आणि ते पूर्ण आटवून मगच राजमा त्याच्या पाण्यासकट ओतला.

चमचाभर कोकोपूडही घातली. तिची वेगळी चव लागत नाही, पण टोमॅटोचा उग्रपणा तिच्यामुळे निवतो. मूठभर राजमा डावाच्या पाठीने भांड्याच्या कडेला चिरडला, तेवढ्याने रस हवा तसा मिळून आला. पीठ लावून दाट केलेले सूप मला आवडत नाही; राजम्याची चव त्याखाली दबून जाते.

मीठ शेवटी पुन्हा चाखून वाढवले आणि लिंबू भांडे उतरवल्यावर पिळले. पहिला घास जिभेवर आधी गोडसर लागला, तिखट मागून आले आणि ते बराच वेळ रेंगाळले. दाणा सालीसकट विरघळत होता. मी दोन वाट्या घेतल्या.

उरलेले सूप पसरट भांड्यात लवकर गार करून फ्रीजमध्ये ठेवले आहे. उद्या ते आणखी घट्ट होईल, म्हणून राजम्याचे वाटीभर पाणी आधीच काढून त्याच्या शेजारी झाकून ठेवले आहे.