हृदय आणि फुप्फुस : एकाच वेळी झालेल्या दोन शस्त्रक्रियांचा माझा अनुभव

उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात डाग दिसला, तेव्हा आमच्या डॉक्टरांना प्रथम क्षयाचीच शंका आली. थुंकीच्या तपासण्यांत काही आढळले नाही, म्हणून सीटी स्कॅनच्या आधारे सुईने तुकडा काढण्यात आला आणि अ‍ॅडेनोकार्सिनोमा या प्रकारचा कर्करोग असल्याचे निष्पन्न झाले. पेट स्कॅननुसार रोग इतरत्र पसरलेला नव्हता. त्यामुळे फुप्फुसाचा वरचा खंड काढून टाकायचे ठरले. मात्र भूल देण्यापूर्वीच्या तपासणीत, जिना चढताना मला लागणारी धाप केवळ फुप्फुसामुळे नसावी असे हृदयरोगतज्ज्ञांना वाटले. अँजिओग्राफीत हृदयाच्या तिन्ही रक्तवाहिन्यांत अडथळे निघाले.

खरा पेच येथे सुरू झाला. फुप्फुसाची शस्त्रक्रिया आधी करावी, तर त्या ताणाने हृदयविकाराचा झटका येण्याचे भय. स्टेंट घालावा, तर त्यानंतर रक्त पातळ ठेवणारी दोन औषधे साधारणपणे सहा महिने घ्यावी लागतात. ती मध्येच थांबवली तर स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते आणि चालू ठेवली तर फुप्फुस कापताना रक्तस्राव आवरणे कठीण. बायपास करून काही आठवड्यांनी फुप्फुसाची शस्त्रक्रिया, हा रूढ मार्ग होता. पण त्यात दोनदा भूल, दोनदा छाती उघडणे आणि मधल्या काळात गाठ तशीच राहणे आले.

‘एकदाच काय ते होऊन जाऊ द्या,’ असे घरातील सर्वांचे म्हणणे पडले. शल्यचिकित्सकांनी मात्र स्पष्ट सांगितले, की हे वैद्यकीय कारण नव्हे. माझी गाठ उजव्या बाजूला वर असल्याने, बायपाससाठी छातीचे मधले हाड उघडले, की त्याच वाटेने तेथेही पोहोचता येणार होते. ती डाव्या खालच्या खंडात, हृदयाच्या आड असती तर त्यांनी हा पर्याय सुचवलाच नसता. माझी श्वासक्षमता एक खंड गेल्यावरही पुरेशी राहील, हेही त्यांनी आधी तपासून घेतले. मला हा स्पष्टपणा धीराच्या शब्दांपेक्षा अधिक उपयोगी वाटला.

आधी हृदय आणि मग फुप्फुस, असा क्रम ठरला. बायपास धडधडत्या हृदयावर, म्हणजे हार्ट-लंग मशीनशिवाय करण्यात आला, कारण मशीन वापरले तर रक्त गोठू नये म्हणून हेपारिनची मोठी मात्रा द्यावी लागते. माझ्या बाबतीत ती कमी लागली, आणि प्रोटामिन देऊन तिचा परिणाम उतरवल्यानंतरच कर्करोगाच्या शल्यचिकित्सकांनी खंड व आसपासच्या लसिका ग्रंथी काढल्या. हेपारिनमुळेच वेदनाशमनासाठी पाठीच्या कण्यात नळी घालण्याचा बेतही रद्द झाला होता.

विम्याचे प्रकरण वेगळेच निघाले. रुग्णालयात एकदाच दाखल होऊन दोन विभागांच्या दोन शस्त्रक्रिया मंजूर करून घेण्यासाठी दोन्ही शल्यचिकित्सकांच्या सहीचे पत्र द्यावे लागले. रुग्णालयात दाखल होण्यापूर्वीच असे पत्र मागून ठेवणे बरे.

शस्त्रक्रियेनंतर सर्वाधिक त्रास खोकण्याचा झाला. हाड तारेने जुळवलेले असताना जोरात खोकणे नकोसे वाटते, पण उरलेले फुप्फुस फुगण्यासाठी आणि कफ साचू नये म्हणून ते आवश्यक असते. फिजिओथेरपिस्टनी छातीशी उशी घट्ट धरून खोकायला शिकवले आणि गोळ्या वर उचलणारे श्वासाचे उपकरण दर तासाला वापरायला लावले. छातीत घातलेल्या नळीला जोडलेल्या बाटलीत हवेचे बुडबुडे येत होते तोवर नळी काढता आली नाही. मध्येच हृदयाचे ठोके अनियमित झाले. हृदयाच्या तसेच फुप्फुसाच्या शस्त्रक्रियेनंतर असे अनेकांना होते आणि मला ते औषधांनी आटोक्यात आले.

काढलेल्या भागाच्या अहवालात कडा व ग्रंथी रोगमुक्त निघाल्याने केमोथेरपी लागली नाही. अ‍ॅस्पिरिन कायम चालू राहणार असून ठरावीक अंतराने सीटी स्कॅन करावे लागते, आणि दोन्ही विभागांच्या फायली मी आता एकत्रच घेऊन जातो, कारण एकीकडचे औषध दुसरीकडे सांगितल्याशिवाय बदलायचे नाही, अशी दोन्ही डॉक्टरांची सक्त सूचना आहे.