कांडपावरचा मसाला

व्हॉट्सॲपवर दोन निळ्या टिका, आणि पुढे काहीच नाही.

मी बेळगावात घरी मसाला करून विकते. पुण्याच्या ताईंशी सगळं ठरत आलं होतं. तीन किलो कांदा-लसूण मसाला, त्यांचं, बहिणीचं आणि लेकीचं वर्षाचं. शेवटी त्यांनी विचारलं, "पाट्यावर वाटलेला आहे ना?" मी लिहिलं, "नाही हो, कांडपावर कुटून आणतो." कांडप म्हणजे मिरची-मसाला कुटायची गिरणी. त्यांनी वाचलं आणि विषय संपला.

एका ऑर्डरीचं एवढं काय लावून घ्यायचं? पण लागलंय. दुपारपासून चार वेळा तरी फोन उघडून बघितला असेल. "हो" म्हटलं असतं तर कुणाला कळणार होतं? चव तीच, रंग तोच. नवऱ्याचंही तेच म्हणणं, "खोटं बोलू नको, खरं एवढं खुलासेवार सांगायचं कशाला?" त्याला उत्तर दिलं नाही. त्याच्या बोलण्यात आणखी एक गोष्ट होती, ती आज नको.

राग त्याचा नाही, दुसऱ्याच गोष्टीचा आहे. तिकडे मसाला विकणाऱ्या एकेकीच्या पोस्टी बघते. पाटा, वरवंटा, नऊवारी, नथ, चुलीचा धूर. "आजीच्या हातची चव." आणि त्यातली एक बाई आमच्याच गल्लीतल्या कांडपावर रांगेत माझ्यापुढे उभी असते! चांगली ओळख आहे आमची. "मिरची काय भावानं घेतलीस?" म्हणून विचारते. तिचा धंदा जोरात आहे.

माझ्या भाच्यानंही पहिल्या लेबलवर तसलंच चित्र टाकलं होतं, कुठली तरी आजी पाट्यापुढे बसलेली. मी काढायला लावलं. आमचा पाटा मागच्या नळापाशी आहे आणि त्यावर पायपुसणी धुतली जातात. त्याचा फोटो टाकू का?

मी करते ते काय कमी आहे? रविवार पेठेतून मिरची आणायची, गच्चीवर वाळवायची, देठं खुडायची. हाताला आधी तेल चोळलं तरी रात्रीपर्यंत आग आग होते, चुकून डोळ्याला बोट लागलं तर बघायलाच नको. खोबरं, तीळ, धणे वेगवेगळे भाजायचे, कांदा उन्हात वाळवून तळायचा. मग कांडपावर जाऊन तोंडाला पदर बांधून तिथंच बसून राहायचं, कारण नजर हटली की दुसऱ्याचं तिखट आपल्यात आलंच. लोखंडी मुसळं वरखाली आपटत असतात, शिंकून शिंकून जीव जातो. संकेश्वरी मिरची मिळाली नाही तर गुंटूरची घालते आणि पाकिटावर गुंटूर असंच लिहिते. रंग घालता का, म्हणून विचारणारे आहेतच. अहो, ब्याडगी मिरची आहे ती! २०११ साली जीआय, म्हणजे त्या भागाचाच खास माल अशी सरकारी नोंद, मिळालेली. तिचा रंग लिपस्टिकमध्ये चालतो, तुमच्या आमटीला चालत नाही होय?

आणि कागदपत्रं? बंगळूर पाचशे किलोमीटर, तिथं पाठवलं तर राज्यातल्या राज्यात. कोल्हापूर इथून सव्वाशेच्या आत, खरं ते दुसरं राज्य. दुसऱ्या राज्यात माल विकायचा म्हणजे उलाढाल कितीही लहान असो, जीएसटी नंबर आधी हवा. तो काढला. एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, १४ आकडी नंबर छापला, वजन, एमआरपी, तयार केल्याची तारीख, घरचा पत्ता, सगळं. त्या १४ आकड्यांबद्दल आजवर एकाही माणसानं विचारलेलं नाही. विचारतात ते पाट्याचं. नाहीतर, "बेळगाव म्हणजे कर्नाटक ना, मग तुम्ही मराठी कसं बोलता?" पूर्वी मी यावर लांबलचक उत्तर लिहायची. आता हसरा चेहरा पाठवते आणि पत्ता मागते.

संध्याकाळी हे सगळं सासूबाईंपुढे ओतलं. त्या लसूण सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "सुका मसाला पाट्यावर कोण गं वाटतंय? पाट्यावर ओलं वाटण. मिरची कुटायला उखळ-मुसळ, ते गेलं आणि कांडप आलं. माझ्या सासूनं मला मिरच्या पाट्यावर वाटायला बसवलं असतं तर मी त्याच रात्री खानापूरला माहेरी गेले असते की."

म्हणजे जे आमच्या घरात कधी कुणी केलंच नाही, ते मी करत नाही म्हणून ऑर्डर गेली! मला हसूच फुटलं. ताईंना हे कळवावं असं वाटलं, अर्धं टाईपही केलं आणि पुसलं. शिकवल्यासारखं वाटलं असतं. शिवाय तीन किलो मसाला असा वाद घालून विकला जात नाही.

भाच्याला फोन लावला आणि म्हटलं, पुढच्या लेबलवर "कांडपावर कुटलेला" असं ठळक छाप.

"भारी मावशी! एकदम विंटेज वाटतंय. कांडपावर जाऊन रील पण करूया, मुसळं आपटताना स्लो मोशनमध्ये."

झालं! आता उद्या कांडपवाल्या काकांना विचारायला हवं, चालेल का म्हणून. आणि शूटिंगच्या वेळी आमच्या त्या नऊवारीवाल्या बाई रांगेत नसतील एवढं बघायचं. त्यांचा धंदा मला मोडायचा नाही.