उत्क्रांतीच्या तासाला दशावतार

पुण्यातल्या वर्गात उत्क्रांतीला उघड विरोध क्वचितच होतो. बहुतेक वेळा मागच्या बाकावरून येतं, "सर, हे तर दशावतारात आधीच सांगितलंय!" वर्ग माना डोलावतो, शिक्षकालाही हायसं वाटतं आणि धडा सुरळीत पुढे सरकतो. खरी गोची इथेच होते. मत्स्य, कूर्म, वराह हा एकामागून एक क्रम आहे; उत्क्रांतीला फांद्या असतात. आजचा मासा आजच्या कासवाचा पूर्वज नव्हे. शिक्षकाने ती तुलना उचलून धरली की मुलांच्या डोक्यात शिडी पक्की बसते आणि पुढचा प्रश्न ठरलेला: "माकडाचा माणूस झाला, मग सिंहगडावर माकडं कशी?"

तुलनेची टिंगल मात्र करू नये. "त्या कथेचं प्रयोजन वेगळं, या तासाला आपण तपासता येईल तेवढंच बघू," एवढं पुरतं. मग फळ्यावर झाड काढायचं. माणूस आणि चिंपांझी यांच्या फांद्या साधारण ६० ते ७० लाख वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या, सिंहगडावरच्या माकडांची त्याच्याही कितीतरी आधी. ती आपली लांबची चुलत भावंडं, आजोबा नव्हेत.

राज्य मंडळाच्या दहावीच्या पुस्तकात 'आनुवंशिकता व उत्क्रांती' हा धडा आहे. त्यात माणसाची उत्क्रांतीही येते, पण ती सर्वांत शेवटी घ्यावी. आधी नैसर्गिक निवड (जे परिसरात टिकतात त्यांचीच पुढची पिढी वाढते) कशी होते ते हाताने करून दाखवावं.

पाच-सहा मुलांच्या गटाला एक फुलाफुलांची चादर आणि चार रंगांच्या कागदाच्या, पंचने पाडलेल्या टिकल्या द्या. प्रत्येक रंगाच्या १०० तयार ठेवा, पसरा मात्र २५-२५. मुलं म्हणजे पक्षी. पाठ फिरवायची, वळायचं, पहिली दिसेल ती एकच टिकली उचलायची, पुन्हा पाठ. ७५ उचलल्या की थांबायचं. उरलेल्या २५ पैकी प्रत्येकीशेजारी त्याच रंगाच्या तीन ठेवल्या की पुन्हा १००. अशा तीन पिढ्या, दर वेळी रंगवार आकडे फळ्यावर. एका तासिकेत उरकत नाही, जोडतास घ्या.

घोटीव कागद नको: त्याची मागची बाजू पांढरी, निम्म्या टिकल्या उलट्या पडतात आणि मोजणी बोंबलते. दोन्ही बाजूंनी रंगीत कागद घ्या. पंखा बंद. (हे सांगावं लागतं!) चादर एकरंगी असेल तर एकच रंग लपतो, बाकीचे तीन सारखेच उठून दिसतात. हाताने चाचपायला लागलेल्या मुलाला लगेच थांबवा.

शेवटी मुलं म्हणतात, "टिकल्यांनी रंग बदलला." विचारा, किती टिकल्यांनी? एकीनेही नाही, बदललं ते प्रमाण. जिराफाने मान ताणताणून लांब केली हा फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ लामार्कचा समज इथेच सुटतो. वेळ उरला तर चादर बदलून पुन्हा खेळा, वेगळा रंग टिकतो.

जीवाश्मांच्या आणि खडकांच्या वयाचा मुद्दा सावकाश घ्यावा. जुन्या अवशेषांचं वय काढायला वापरतात त्या किरणोत्सारी कार्बन-१४ चा अर्धायुकाल (निम्मा उरायला लागणारा काळ) ५,७३० वर्षं, म्हणजे सुमारे ५०,००० वर्षांपलीकडे तो कामाचा नाही. डायनासोरचं वय कार्बनने काढलं, असं मुलं सर्रास लिहितात. वेताळ टेकडीचा किंवा पाताळेश्वराचा दगड ज्या दख्खनच्या लाव्हाचा, त्याचं वय साधारण ६.६ कोटी वर्षं. ते पोटॅशियमपासून बनणाऱ्या अरगॉनवरून काढतात. पोटॅशियम-४० चा अर्धायुकाल १२५ कोटी वर्षं. घरी पृथ्वी काही हजार वर्षांची मानली जात असेल, तर त्या मुलाशी आकड्यावरून वाद घालू नये, मोजायची रीत नीट समजावावी.

"देव मानायचा की नाही?" याला शिक्षकाने उत्तर देऊ नये. फळमाश्यांवर निवडीचं मोठं काम करणारे थिओडोसियस डोबझान्स्की श्रद्धाळू ख्रिस्ती होते, एवढी माहिती द्यायला हरकत नाही. परीक्षेत "तुला पटतं का?" विचारू नका. "शास्त्रज्ञ या निष्कर्षाला कोणत्या पुराव्यांवरून आले?" असं विचारा. घरून तक्रार आलीच, तर पालकांना तीच प्रश्नपत्रिका दाखवता येते.