घोणसदंशानंतरची वही

मागच्या डिसेंबरात दिवस मावळल्यानंतर जनावरांसाठी मका कापत असताना आमच्या वहिनींना डाव्या घोट्याजवळ घोणस चावली. दादाने साप स्वतः पाहिला होता. त्याने पाय दोरीने आवळून बांधला नाही, जखमेवर चीर दिली नाही आणि कोणा भगताकडेही नेले नाही, त्यामुळे तासाभरात वहिनी तालुक्याच्या रुग्णालयात पोहोचल्या. मी पुण्याहून मध्यरात्री तेथे गेलो आणि हाताला काही काम हवे म्हणून एका शंभर पानी वहीत नोंदी ठेवू लागलो. पुढे सहा महिने ती वही चालली, आणि ‘विष उतरले की माणूस सुटला’ ही आमच्या घरातली समजूत तिच्यातील नोंदींनी पानागणिक खोडून काढली.

पहिल्या पानावरची नोंद मी केसपेपरवरून उतरवून घेतली आहे : ‘रात्री ८.००, रक्त गोठत नाही.’ शिरेतून काढलेले दोन मिलिलिटर रक्त काचेच्या कोऱ्या, कोरड्या नळीत न हलवता वीस मिनिटे ठेवायचे आणि मग नळी तिरकी करायची, इतकी साधी ही चाचणी आहे. पण नळी प्लास्टिकची किंवा साबणाने धुतलेली असली तर निष्कर्ष चुकू शकतो. घोणशीचे विष रक्त गोठवणारे घटक वापरून संपवते, म्हणून वीस मिनिटांनंतरही रक्त पाण्यासारखे वाहते. वहिनींना प्रतिविषाच्या दहा कुप्या सलाइनमधून देण्यात आल्या. पहाटे तीन वाजता पुन्हा चाचणी झाली, तेव्हाही रक्त पातळच होते, म्हणून आणखी दहा कुप्या दिल्या. पहिल्या कुप्या देऊन झाल्यावर मधल्या सहा तासांत कोणी काही करत नाही याचा मला संताप आला होता. ड्युटीवरच्या तरुण डॉक्टरांनी न चिडता समजावले की, प्रतिविष फक्त रक्तात फिरणारे विष निकामी करते. संपलेले घटक यकृताला नव्याने तयार करावे लागतात आणि त्याला साधारण तेवढा वेळ लागतो, त्यामुळे आधी चाचणी करून काही कळत नाही.

सकाळी साडेनऊला नळी तिरकी केली तेव्हा रक्ताची गुठळी जागची हलली नाही. दादा पेढे आणायला गेला. वहीत त्याच वेळेची दुसरी नोंद आहे, तिच्याकडे आमच्यापैकी कोणाचेही लक्ष गेले नव्हते : लघवीच्या पिशवीत रात्रभरात फक्त ११० मिलिलिटर, तेही चहाच्या रंगाचे.

सूज मोजण्याची पद्धत एका सिस्टरने शिकवली. सूज जेथे संपते तेथे बॉलपेनने रेघ ओढून बाजूला वेळ लिहायची आणि दोन्ही पोटऱ्यांचा घेर एकाच उंचीवर टेपने मोजायचा. तिसऱ्या दिवसानंतर सूज रेघेच्या खाली सरकू लागली, आणि डोळ्यांना दिसणारी तेवढीच गोष्ट असल्याने भेटायला येणारा प्रत्येकजण तिच्यावरूनच ‘आता उतार आहे’ असे म्हणे. क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडे रक्तातून बाहेर टाकतात तो टाकाऊ पदार्थ, मात्र १.१ वरून २.९ आणि तिथून ५.४ वर गेले होते. रक्तदाब खाली जाणे आणि मूत्रपिंडातील बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या अडकणे अशा कारणांनी घोणशीच्या दंशानंतर मूत्रपिंडे बंद पडू शकतात. वहिनींना मोठ्या रुग्णालयात हलवावे लागले आणि पाच वेळा डायलिसिस झाले. या काळात माझी एक चूक झाली. डायलिसिसनंतरचे क्रिएटिनिन मी मोठ्या आनंदाने लिहून ठेवत असे, वास्तविक तो आकडा वहिनींच्या मूत्रपिंडाचा नव्हता, यंत्राचा होता. खरी प्रगती दिसते ती डायलिसिसपूर्वीच्या आकड्यात आणि दिवसभराच्या लघवीच्या मापात. ते माप नवव्या दिवशी ६०० मिलिलिटर झाले, बाराव्या दिवशी तीन लिटरच्या वर गेले, आणि मग उलट शरीरातले पाणी आणि क्षार कमी पडू नयेत याची काळजी सुरू झाली.

अकराव्या दिवशी ताप आला, मनगटे आणि गुडघे दुखू लागले, अंगावर पुरळ उठले. गावाकडून फोन आला की विष पुन्हा चढले. प्रतिविष घोड्यांच्या रक्तापासून तयार होते आणि त्यातील परक्या प्रथिनांवर शरीर पाच ते चौदा दिवसांनी अशी प्रतिक्रिया देऊ शकते. थोड्या दिवसांच्या स्टेरॉइडच्या गोळ्यांनी ती शमली. हे आम्हाला आधी कोणी सांगितले असते तर दादाची ती रात्र तरी सुखाने गेली असती.

अठराव्या दिवशी घरी सोडताना मिळालेल्या कार्डावर ‘आठ दिवसांनी क्रिएटिनिन’ एवढेच लिहिलेले होते. रक्तदाब, लघवीतील प्रथिने, तीन महिन्यांनंतरची तपासणी, यातले त्यावर काहीही नव्हते. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने दरवर्षी सरासरी ५८ हजार माणसे मेली असा अभ्यासकांचा अंदाज आहे, आणि सर्पदंशाची नोंद बंधनकारक करावी अशी सूचना केंद्र सरकारने २०२४ मध्ये राज्यांना केली. पण जगून घरी गेलेल्या माणसाचे पुढे काय होते हे त्या कार्डावरच्या एका ओळीवर सोडलेले असते.

मार्चपर्यंत क्रिएटिनिन १.३ वर स्थिरावले आणि मी वही बंद करण्याच्या बेतात होतो. वहिनी मात्र सकाळी उठू शकत नव्हत्या, उभे राहिले की चक्कर येई, एप्रिलच्या उन्हातही त्यांना थंडी वाजे. ‘दवाखान्यात राहून आराम अंगात भिनला’ असे शेजारी म्हणत, आणि मनातल्या मनात मीही थोडेफार तेच म्हणत होतो. माझ्या पत्नीजवळ त्या बोलल्या तेव्हा कळले की दंश झाल्यापासून त्यांची पाळीच आलेली नव्हती. चार महिन्यांच्या नोंदींत ही नोंद नव्हती, कारण वही माझ्याकडे होती आणि दिराला असे कोण सांगणार?

घोणशीच्या विषाने कधी कधी मेंदूच्या तळाशी असलेल्या आणि इतर ग्रंथींना चालवणाऱ्या पीयूषिका ग्रंथीला इजा होते आणि तिची लक्षणे आठवड्यांनी, महिन्यांनी, कधी वर्षांनीही दिसतात. सकाळी आठचे कॉर्टिसोल, म्हणजे शरीराला ताण पेलायला लागणारे संप्रेरक, कमी निघाले, थायरॉइडचे संप्रेरकही कमी होते. डॉक्टरांनी आधी कॉर्टिसोलची उणीव भरून काढणारे हायड्रोकॉर्टिसोन सुरू केले आणि त्यानंतरच थायरॉइडची गोळी दिली. हा क्रम उलटा झाला तर जिवावर बेतू शकते. तीन आठवड्यांत वहिनी पुन्हा चुलीपुढे उभ्या राहून आमच्यावर रागावू लागल्या. ताप आला किंवा उलट्या झाल्या तर हायड्रोकॉर्टिसोनच्या गोळीचे प्रमाण वाढवायचे, हे त्यांनी स्वतःच फ्रीजवर लिहून चिकटवले आहे.

वही आता त्यांच्याकडे असते. जूनमधली त्यांच्या अक्षरातली एक नोंद मी परवा वाचली : ‘रक्तदाब ११०/७०. गोळी घेतली. दुपारी मका कापला, यांचे गमबूट घालून. बूट दोन नंबर मोठे आहेत.’