श्रमपरिहार व्हाइटचॅपेलला

गणपतीचे दिवस कार्यकर्त्यांचे नसतातच. कुणी दारात पावत्या फाडत असतो, कुणी मोदकांचे ट्रे मोजत असतो, आणि स्वतःचं ताट वाढून घेईपर्यंत भात गार झालेला असतो. म्हणून पूर्व लंडनच्या आमच्या मंडळात श्रमपरिहाराला फार मान. तो दरवर्षी व्हाइटचॅपेलच्या एकाच बांगलादेशी हॉटेलात होत आला, आणि वर्षभराच्या सगळ्या कार्यक्रमांत मनात जास्त रेंगाळतं ते हे जेवण.

तारीख काढणं हेच मोठं काम. विसर्जन झालं की पितृपक्ष लागतो, मग नवरात्राचे उपास. उरतात ते दसरा आणि कोजागरी यांच्यामधले चार दिवस. त्यातही कुणाचा मंगळवार, कुणाचा गुरुवार, कुणाचा शनिवार. शिवाय शनिवारी हॉटेलात पाय ठेवायला जागा नसते. त्यामुळे रविवार, तो नाही जमला तर बुधवार.

खरं जेवण ठरतं ते आठवडाभर आधीच्या फोनवर. छापील मेनूवरचा कोर्मा, मद्रास, विंदालू हा ब्रिटिश करी हाउसचा संसार. एकच कांद्याची ग्रेव्ही मोठ्या पातेल्यात तयार असते आणि मसाला बदलून तिचे दहा प्रकार होतात. गोव्याच्या माणसाने तिथला विंदालू मागवला की त्याचा चेहरा पडतो, कारण व्हिनेगर-लसणाच्या आंबटपणाऐवजी नुसतं तिखट आणि बटाटे येतात. इथले बहुतेक स्वयंपाकी मूळचे बांगलादेशातल्या सिल्हेटचे. दुपारी स्वतःसाठी ते जे रांधतात, तेच आपल्याला मागायचं. त्यासाठी वेटरशी नाही, थेट आचाऱ्याशी बोलायचं. ‘भाई, तुम्ही घरी करता तसं,’ एवढं म्हटलं तरी आवाज बदलतो.

मांसाहारी तीस जणांसाठी कच्ची बिर्याणीचं गणित असं: हाडासकट मटण सहा किलो, तांदूळ तीन किलो, माणशी एक अख्खा तळलेला बटाटा. मटण कच्चंच दह्यात आणि मसाल्यात मुरवून तळाशी लावतात. वर अर्धाकच्चा भात, आलुबुखार आणि केशराचं दूध घालून झाकण कणकेने बंद करतात. दीड-दोन तास मंद आच लागते. दह्याचं पाणी निथळलेलं नसेल तर तळाशी रस्सा साचतो. भात आधीच जास्त शिजला असेल तर वरची खिचडी होते. मधेच झाकण उघडलं तर वाफ जाते आणि मटण चिवट राहतं. म्हणून कणिक फोडायची वेळ ठरलेली असते आणि मंडळींनी साडेसात म्हणजे साडेसातला बसलेलं असावं लागतं. आपल्या लोकांना फोनवर सातच सांगावं. लवकर पोचलेल्यांनी ब्रिक लेनवरची मशीद बघून यावी. 1743 साली फ्रेंच ह्युगेनॉट, म्हणजे प्रोटेस्टंट, निर्वासितांनी प्रार्थनाघर म्हणून बांधलेली ती वास्तू 1898 मध्ये ज्यूंचं सिनेगॉग झाली आणि 1976 पासून मशीद आहे. त्या रस्त्यावर कोण कोण येऊन स्थिरावलं, ते त्या एका इमारतीत दिसतं.

शातकोरा मात्र चुकवू नये. हे सिल्हेटकडचं जाड सालीचं लिंबूवर्गीय फळ आहे आणि स्वयंपाकात सालच महत्त्वाची. घरोघरी ते बहुधा गोमांसात पडतं. मंडळासाठी मटणात करून मागायचं आणि ‘मीट’ असं मोघम न म्हणता ‘लँब’ असं स्पष्ट सांगायचं. फोडी शेवटच्या पंधरा-वीस मिनिटांतच घालतात. आधी घातल्या किंवा जास्त झाल्या की अख्खं पातेलं कडू होतं.

सरसों-इलिश, म्हणजे मोहरीच्या वाटणातला इलिश, सगळ्यांसाठी मागवू नये. हा काट्यांचा मासा. कोकणात पाला किंवा भिंग खाऊन वाढलेले खूश होतात, मुलं रडकुंडीला येतात. सव्वा किलोचे तीन मासे वीस जणांना पुरतात. शेपटीकडे काटे जास्त, पोटाच्या तुकड्यात कमी, म्हणून ज्येष्ठांना पोटाचा तुकडा वाढावा. मोहरी वाटताना मीठ आणि हिरवी मिरची सोबत नसेल तर ती कडवट होते. इलिश काट्याचमच्याने खाता येतच नाही, बोटांनीच खायचा.

शाकाहारी मंडळींची काळजी आधी घ्यायची, नंतर नाही. बंगाली डाळीत माशाचं डोकं असू शकतं आणि भाजीत सुकट किंवा कोळंबी. त्यामुळे डाळ, भाज्या आणि भात वेगळ्या पातेल्यात, वेगळ्या डावाने आणि वेगळ्या टेबलावर हवा. त्यांच्यासाठी सगळ्यांत चांगले भर्ते. वांग्याचा भर्ता आपल्या भरिताचा सख्खा भाऊच. आलू भर्त्यात कच्चा कांदा, भाजलेली सुकी मिरची आणि सरसोंचं तेल. तो गरम भातावर इतका जातो की मांसाहारी टेबलावरूनही वाट्या फिरायला लागतात. तेव्हा दहा शाकाहारी असले तरी भर्ते पंधरा जणांचे सांगावेत.

बोरहाणी हे दह्याचं मसालेदार पेय माणशी पाव लिटर, म्हणजे चाळीस जणांना दहा लिटर. घट्ट दही, पुदिना, कोथिंबीर, हिरवी मिरची, मोहरीची पूड आणि काळं मीठ. कच्चीचा तुपकटपणा तीच उतरवते. गोडाला मिष्टी दोई. ते मातीच्या भांड्यात लावलेलं मिळालं तर उत्तम, कारण माती जास्तीचं पाणी शोषते आणि दही घट्ट बसतं.

वाढणं पंगतीसारखं असावं. पाच जणांत एक वाडगा, पण बिर्याणी कार्यकर्त्यांनी नव्हे, हॉटेलवाल्यांनीच वाढायची, हा या दिवसाचा नियम. खजिनदाराने पैसे आधीच गोळा करावेत, मुलांचे अर्धे. बिलात सेवाशुल्क धरलं आहे का ते पाहावं. धरलं असलं तरी भटारखान्यासाठी वेगळं पाकीट द्यावं आणि ते आचाऱ्याच्या हातात द्यावं. निघण्याआधी काय उरलं, काय कमी पडलं ते मंडळाच्या वहीत लिहून ठेवायचं. बोरहाणीपुढे बहुतेक वर्षी एकच शेरा असतो: ‘कमी पडली.’