कोळंबीच्या खाद्यातलं शेवाळ बघायला भीमावरमला

गेल्या हंगामात एका विक्रेत्याकडून ‘अल्गी’ (शेवाळ) म्हणून हिरवी पूड घेतली. सोयापेंडीवरच्या स्वस्त कोळंबीखाद्याला बाइंडरनं (चिकटवणाऱ्या द्रव्यानं) चढवली, दोन महिने घातली. काडीचा फरक नाही. पैसे कुठे बुडाले ते कळेना, म्हणून फेब्रुवारीत भीमावरम गाठलं. माझे तलाव पालघरात. आंध्रातल्या पश्चिम गोदावरीत मात्र नजर जाईल तिथवर कोळंबीच.

मनमाडहून नगरसोल, आणि तिथून नरसापूरची गाडी. गाडी न बदलता थेट भीमावरम टाऊन. गोदावरी आमच्या त्र्यंबकला उगम पावते आणि नरसापूरच्या पुढे समुद्राला मिळते. नाशिक जिल्ह्यातून बसून तिच्या दुसऱ्या टोकाला उतरायचं, ही गंमत वेगळीच.

पहिल्या दिवशी सकाळी एक तलाव बघितला आणि दुपारी दुसऱ्यावर गेलो, तर मालकानं फाटकातूनच परत पाठवलं. बरोबरच होतं त्याचं. पांढऱ्या ठिपक्याचा रोग चपलेवरूनही येतो. तेव्हा दिवसाला एकच प्रकल्प धरा, धुतलेले कपडे घाला, स्वतःचं जाळं किंवा बूट नेऊ नका. तेलुगू येत नसेल तर ‘रोय्यलु’ म्हणजे कोळंबी आणि ‘मेत’ म्हणजे खाद्य, एवढ्यावर बरंच भागतं.

दुसऱ्या दिवशीच्या तलावावर टेक्निशियननं चेक ट्रे (किती खाद्य उरलं ते बघायची पाण्यातली ताटली) वर काढला. खाद्य टाकून दोन तास झाले होते; ट्रेत चार-पाच कांड्या आणि विष्ठेचे धागे. मी माझी कर्मकथा सांगितली. त्यानं पुडीचा रंग विचारला. हिरवी म्हटल्यावर हसला. “अण्णा, ती स्पिरुलिना. प्रथिनं भरपूर, पण डीएचए जवळजवळ नाही.” डीएचए म्हणजे मासळीच्या तेलात असतं ते ओमेगा-३ फॅटी अॅसिड.

मुद्दा असा. खाद्यात घालायची मासळीची कुटी (फिशमील) महागली की खाद्याचे कारखानदार सोयापेंडीकडे वळतात. २०२३ साली पेरू देशानं अँकोव्हीचा (ज्या छोट्या माशाची कुटी करतात त्याचा) पहिला मासेमारी हंगाम रद्द केला, तेव्हा कुटीचे भाव जगभर चढले. सोयापेंडीत प्रथिनं ४५ टक्क्यांच्या आसपास मिळतात. पण मेथिओनिन (एक आवश्यक अमिनो आम्ल) कमी, कोलेस्टेरॉल नाही, डीएचए नाही. कोळंबी कोलेस्टेरॉल स्वतः बनवत नाही आणि त्याशिवाय कात टाकण्याचं गणित बिघडतं. वर सोयाचा वासही तिला फारसा ओढत नाही. डीएचएची उणीव भरून काढते ती शिझोकायट्रियम नावाच्या सूक्ष्मजीवाची पूड, आणि ती हिरवी नसते. तो जीव अंधारात, स्टीलच्या टाकीत, साखरेवर वाढवतात. पूड फिकट पिवळसर. (काटेकोर बोलायचं तर ते शेवाळ नव्हेच, पण बाजारात नाव तेच.) मेथिओनिन आणि कोलेस्टेरॉल वेगळंच घालावं लागतं. ‘सगळ्यावर एक औषध’ म्हणणाऱ्याला नमस्कार करा.

पण खरी गोष्ट त्यानं तलावाकडे बोट दाखवून सांगितली. पाण्याला चहासारखा तपकिरी रंग होता, डायटम या सूक्ष्म शेवाळाचा. कोळंबी तेही चरते, त्यातून तिला काही फॅटी अॅसिड फुकट मिळतात. म्हणून मातीच्या, रंगीत पाण्याच्या, विरळ साठ्याच्या (कमी कोळंबी सोडलेल्या) तलावात पुडीचा फरक दिसेलच असं नाही. प्लॅस्टिक अंथरलेला तलाव, स्वच्छ पाणी आणि दाट साठा असेल, तर ती उपयोगी पडण्याची शक्यता जास्त. माझे तलाव मातीचे. म्हणजे पूड चुकीची होतीच, आणि बरोबर असती तरी कदाचित गरज नव्हती!

तरी कुणाला करून बघायचंच असेल तर एकाच साठ्याचे, एकाच दिवशी बीज सोडलेले दोन तलाव घ्या. एकात पूड, दुसऱ्यात नाही. दर आठवड्याला वजन आणि एफसीआर (एक किलो वाढीला किती किलो खाद्य लागलं) लिहून ठेवा. एकाच तलावात घालून ‘बरं वाटतंय’ म्हणण्याला अर्थ नाही. घेताना डीएचएचा विश्लेषण अहवाल आणि उत्पादनाची तारीख मागा. पुडी बोटांत चोळून हुंगा. उग्र, खवट वास आला तर तेल फिरलंय.

राहायला स्टेशनजवळ साधी हॉटेलं आहेत. मे महिना उकाड्यामुळे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर चक्रीवादळांमुळे टाळा. येताना गाडीत शिर्डीचे भाविक असतात, तिकीट आधीच काढा. मला वेटिंगवर बसून रात्र काढावी लागली.

भीमावरमहून बरोबर आणलेला शिझोकायट्रियमच्या पुडीचा नमुना मी शेडमध्ये एरेटरच्या पेटीवर उघडाच ठेवला. पंधरा दिवसांनी बायको म्हणाली, “इथे काय मेलंय?” फ्रिजमध्ये, हवाबंद डब्यात ठेवायला हवा होता.