काहिलीतलं तत्त्व आणि खातेवहीतलं तत्त्व

काहिलीतला, म्हणजे गूळ करायच्या मोठ्या कढईतला, पाक ११८ अंश सेल्सिअसला उतरवावा, हा नियम. तो कुठून आला हे कळलं की तत्त्व हाती लागतं. पाण्यात साखर जितकी दाट, तितका तो पाक जास्त तापमानाला उकळतो. म्हणजे मोजायचं ते पाणी तुमच्या गावात ज्या तापमानाला उकळतं त्याच्या वर किती अंश चढले ते. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंच, इथं पाणी ९८च्या आसपास उकळतं. समुद्रकाठी ११८ला जो पाक तयार होतो, तो इथं ११६लाच झालेला असतो. आकडा धरून बसलात तर पाक पुढे जातो, गूळ कडक आणि काळपट होतो.

गुळव्या, म्हणजे गूळ करणारा कारागीर, मात्र थेंबभर पाक गार पाण्यात टाकून बोटांत गोळी वळतो. गोळीचा घट्टपणा थेट दाटपणाच सांगतो, मग गाव कितीही उंचावर असो. माझ्या मते ही पारख थर्मामीटरपेक्षा तत्त्वाच्या जास्त जवळ आहे.

उसाच्या रसात चुना घालतात, त्याचंही तसंच. रस मुळात आंबट, पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आंबट) पाचच्या थोडा वर. आंबटपणा आणि उष्णता एकत्र आली की साखरेचा रेणू फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं. मग ढेप नीट बसत नाही, पावसाळ्यात पाझरते. चुना हा आंबटपणा कमी करतो. ऊस तोडून चार दिवस पडला असेल तर रस जास्त आंबट, तेव्हा ‘काहिलीला इतका चुना’ हे ठरलेलं माप अपुरं पडतं. उलट हात सैल सुटून चुना जास्त पडला तर रंग काळवंडतो.

आता हाच गूळ कोल्हापुरातल्या शाहूपुरीच्या पेठेत गेला. वर्षअखेरीस माल शिल्लक आहे, खरेदी क्विंटलला ४००० रुपयांची. बाजार ३७००वर आला तर वहीत ३७०० लिहायचे. ४३०० झाला तरी ४०००च. हे सावधगिरीचं तत्त्व. ते माणसांनी ठरवलेलं आहे, प्रयोगानं खोटं पाडता येत नाही. मोडलं तरी ताळेबंद जुळतोच, आणि धोका नेमका तिथेच आहे: न झालेला नफा कागदावर दिसतो आणि त्या भरवशावर कर्ज काढलं जातं.

कायद्यात आणखी वेगळं. समजा, कारवाईआधी १५ दिवसांची नोटीस हा नियम, दुसरी बाजू ऐकून घेणं हे नैसर्गिक न्यायाचं तत्त्व. नोटीस वेळेत दिली पण आरोप काय तेच कळवलं नाही, तर नियम पाळूनही तत्त्व मोडलं, आणि तो आदेश न्यायालयात रद्द होऊ शकतो. मात्र इमारत कोसळायच्या बेतात असेल तर आधी माणसं बाहेर काढतात, म्हणणं नंतर ऐकतात. इथं एक तत्त्व दुसऱ्याशी तोलता येतं. काहिलीत तशी सवलत नाही. रस आंबट राहिला तर कारण कितीही रास्त असो, साखर फुटणारच.